वारली उठाव (१९४५–४७)

ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) वारली आदिवासींनी किसान सभा व कम्युनिस्ट पक्षाच्या लाल बावट्याखाली जमीनदार, सावकार आणि जंगल ठेकेदारांविरुद्ध दिलेला लढा.

वारल्यांच्या जमिनी सावकारांच्या घशात गेल्या होत्या आणि बापजाद्यांच्याच शेतात ते खंडाने राबत होते. मालकाचे शेत फुकट कसून द्यावे लागे, ही वेठ. लग्नासाठी कर्ज काढणारा ‘लग्नगडी’ होई आणि नवरी घरात येताच नवराबायको दोघेही सावकाराकडे वर्षानुवर्षे बांधली जात.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. झरीचे माह्या धांगडा काही वारल्यांना घेऊन तिथे पोचले. २३ मे रोजी झरीला पाच हजारांवर वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी संघटना बांधली. गावोगाव वेठ बंद पाडली ती मात्र वारल्यांनी, आणि उठावाचे खरे बळ या नकारातच होते.

त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. गोदावरीबाईंनी सभेला बोलावले आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी आवई उठवली गेली. १० ऑक्टोबरला तलवाड्यात लोक धावून आले, तिथे पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. परुळेकर दांपत्य हद्दपार झाले, तरी लढा थांबला नाही. १९४६ च्या संपानंतर जंगल कामगारांची सव्वा रुपया रोजी मान्य झाली.

वेठ आणि लग्नगडीची चाल मोडली, हे यश निर्विवाद आहे. जमिनीचे तसे झाले नाही. कूळकायद्याने काहींना न्याय मिळाला, पण वनजमिनीचा प्रश्न लोंबकळत राहिला. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा उठावाला ४७ वर्षे झाली होती. त्याआधी १९७८ मध्ये कष्टकरी संघटना निघाली होती. तिच्या आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांत हाणामाऱ्या झाल्या, ही या वारशाची क्लेशकारक बाजू. इतिहासही मुख्यतः गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या थोर पुस्तकातूनच वाचला जातो. वारल्यांच्या स्वतःच्या नोंदी त्यामानाने फारच थोड्या.

मार्च २०१८ मध्ये शेतकरी-आदिवासी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले, तेव्हा वनजमिनीचे पट्टे ही त्यांची एक प्रमुख मागणी होती.