दीड आणा की दोन आणे?

आमचे वडगाव रासाई भीमेच्या उत्तर काठावर, शिरूर तालुक्यात. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. आज दोन्ही काठांना उसाचे मळे आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोपी उभ्या राहू लागल्या की मुकादमाशी चाललेली घासाघीस बांधावरून ऐकू येते. "तिकडच्या कारखान्याचा दर काय?" हा प्रश्न तीत हटकून असतो. तो ऐकला की मला माझी आजी आठवते. तिच्या आईच्या लहानपणी तिच्या घरात असाच एक हिशेब झाला होता. तो मात्र उसाचा नव्हता, दुष्काळाचा होता.

शके १७९८, म्हणजे १८७६ साली, पावसाने दगा दिला. त्याआधी दीड वर्षही झाले नव्हते, तोच १२ मे १८७५ रोजी नदीपलीकडच्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले होते, आणि ते लोण आमच्या शिरूर तालुक्यातही आले होते. तेव्हा कणगीत दाणा नाही आणि सावकाराच्या ओटीवर पत नाही, अशी कुणब्याची अवस्था. सरकारने कामे काढली. प्रथम पुरुषाला २ आणे, बाईला दीड आणा आणि कामाजोग्या पोराला १ आणा असा रोज ठरला. नोव्हेंबरात रुपयाला १६ पौंडसुद्धा धान्य मिळेना, तेव्हा मजुरी बाजारभावाला बांधली गेली. पुरुषाला १ पौंड धान्याची किंमत आणि वर १ आणा. पौंड म्हणजे आपल्या अच्छेराहून किंचित कमी. भाव चढेल तशी मजुरी चढेल, हा नियम काही वाईट नव्हता.

पण कामे दोन जातींची होती. एक सार्वजनिक बांधकाम खात्याची मोठी कामे. तेथे धट्ट्याकट्ट्या माणसांनी जायचे, नेमून दिलेले काम पुरे करायचे आणि उघड्या माळावर राहायचे. दौंडहून नगरावरून मनमाडला जाणारा लोहमार्ग हे त्यांतले आमच्या जवळचे काम. त्याच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले, आणि १८७८ साली त्यावरून गाडी धावली. दुसरी कामे मामलेदाराच्या देखरेखीची, गावाजवळची, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि अशक्तांसाठी. तेथे मापाचा जाच नव्हता आणि संध्याकाळी घरी येता येई. साहजिकच लोकांचा ओढा घराजवळच्या कामाकडे राहिला. सरकारला वाटले, धडधाकट माणसे आळसाने येथे बसली आहेत. म्हणून जानेवारी १८७७ च्या मध्यावर जवळच्या कामाचा रोज कापला गेला. पुरुषाचा वरचा आणा अर्धा झाला, बाईचा अर्धा आणा पाव झाला, आणि पोराला अर्ध्या पौंडाची किंमत व पाव आणा एवढेच उरले. दूरच्या मोठ्या कामावर पूर्वीचाच रोज चालू राहिला.

येथे वाचकांनी क्षणभर पाटी-पेन्सिल घ्यावी. सोयीसाठी भाव रुपयाला १६ पौंड धरू, म्हणजे एक पौंडाला एक आणा पडतो. नवरा, बायको आणि एक पोर मोठ्या कामावर गेली तर २, दीड आणि १ मिळून साडेचार आणे. तीच घराजवळ राहिली तर दीड, सव्वा आणि पाऊण, मिळून साडेतीन. दिवसाला फरक एका आण्याचा, म्हणजे एका पौंड धान्याचा. कागदावर पाहिले तर कोणीही म्हणेल, जावे की!

आजी सांगे, तिच्या आजोळी यावर तीन रात्री वाद झाला. दौंडची वाट काठाकाठाने दीड दिवसाची. घरात हातारी सासू, दावणीला एक बैल उरलेला. सगळे गेले तर बैल मरणार. एकट्या कर्त्या पुरुषाने जावे, तर दोन चुली होऊन तो जादा आणा तेथल्या तेथेच खर्ची पडणार. शिवाय नेमलेले काम उपाशी अंगाने पुरे झाले नाही तर काय, हा धाक निराळाच. दफ्तरात ज्याला आळस म्हटले, तो असा हिशेब होता. सरकारचा हेतू अगदीच दुष्ट होता असे मी म्हणत नाही. पण त्याने रोज मोजला तो माणसाचा, आणि दुष्काळात जगते ते कुटुंब.

दोन ठिकाणच्या मजुरीची अशी तुलना करणारी आमचीच माणसे पहिली नव्हेत. १८३४ नंतर आफ्रिकेजवळच्या मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत जी मराठी माणसे करारावर गेली, त्यांनाही महिना ५ रुपये आणि वर शिधा हे आकडे देशातल्या मजुरीपेक्षा गोमटे दिसले होते. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापण्याची तिथली रीत मात्र जहाजातून उतरल्यावर कळे.

इकडे रोज कापताच हजारो मजुरांनी कामे सोडली. मोठ्या कामावर जाण्याऐवजी त्यांतले बरेच घरी जाऊन बसले. हा संपच होता. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झालेली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या या सभेने गावोगावची हकीकत मिळवून सरकारकडे अर्ज धाडले. जवळजवळ याच मापाची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास इलाख्यातही लावली. तेथले सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश यांनी मात्र आक्षेप घेतला, की तुरुंगातल्या कैद्याला याहून अधिक धान्य मिळते. मद्रासेत पुढे रोज वाढवावा लागला. टेंपलसाहेब त्याच १८७७ साली आमच्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने अहवाल दिला, आणि त्यातून दुष्काळाचे कायदेकानू निघाले.

आजीच्या आजोळचा वाद शेवटी असा मिटला की नवराबायको दौंडकडे गेली, आणि पोर, म्हणजे आजीची आई, सासूजवळ राहून गावाशेजारच्या कामावर पाट्या वाहू लागली. पाऊण आण्यावर. बैल जगला. म्हातारी पावसाळा पाहू शकली नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी कॉलेज सोडून एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी लिहीत होतो. खडी फोडणाऱ्यांची रांग माळावर लांबवर दिसे. संध्याकाळी घरी आलो की आजी ओसरीवरून विचारी, "बायांना किती?" मी म्हणे, मापाप्रमाणे, गड्यांइतकेच. तिला ते पहिल्या दिवशी खरे वाटले नाही. मग तिने विचारले, "आन् पोरांना?"

"पोरांना कामावर घेत नाहीत, आजी. कामावरच्यांना सुखडी मिळते, त्यातली आया पदरात बांधून घरी नेतात."

दुसऱ्या दिवशी तिने मला सुखडीचा एक तुकडा आणायला सांगितले. मी आणला. तिने तो खाल्ला नाही. तळहातावर घेऊन बराच वेळ वजन पाहिल्यासारखी बसली.