कलमाचा आंबा आणि कष्टाची भाकर

परमेश्वराने पहिल्या मनुष्यास एदेन बागेत ठेविले, ते ती बाग नुसती पाहण्यास नव्हे. तिची मशागत व राखण करण्यास, असे उत्पत्तीच्या ग्रंथात आहे. अर्थात काम हे पतनानंतर आलेले नाही. घाम तेवढा मागाहून आला. या महोत्सवप्रसंगी आपल्या देवालयाचा इतिहास इतर सज्जन सांगतीलच. आम्ही रत्नागिरीच्या एका झाडाची हकीकत सांगावी म्हणतो.

हापूस हे नाव आफोंसो या पोर्तुगीज नावाचा अपभ्रंश होय. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकर्कवरून ते पडले, असे सामान्यतः सांगतात. परंतु सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या मनुची नामक व्हेनिसच्या प्रवाशाने गोव्याचे उत्तम आंबे सांगताना निकोलाव आफोंसो या नावाच्या आंब्याचा उल्लेख केला आहे. मग हा मान जेत्याचा की दुसऱ्याच कोणा आफोंसोचा? आम्हांस हा दुसराच अधिक जवळचा वाटतो.

या किनाऱ्यावर आंब्याची कलमे बांधण्याची विद्या रूढ करण्याचे श्रेय परंपरेने गोव्यातील जेज्वित धर्मगुरूंस दिले जाते. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले. १७५९ साली त्यांच्या संघास तेथून घालविण्यात आले. माणसे गेली, कलमे राहिली. भेटकलमाची रीत अशी की, रायवळ कोयीचे रोप कुंडीत वाढवावे, मातृवृक्षाच्या फांदीशी न्यावे, दोघांची साल किंचित तासून ती एकत्र बांधावी आणि जीव जुळेपर्यंत कित्येक आठवडे पाणी घालीत वाट पाहावी. संत पाऊलाने रोमकरांस लिहिताना रानटी जैतुनाची फांदी उत्तम झाडास लाविल्याचा दृष्टांत दिला आहे. आपला माळी नेमके उलट करतो, रानटी मुळावर उत्तम फांदी बसवितो. पाऊल स्वतः करिंथात तंबू शिवून पोट भरीत असे. तो या माळ्यावर रागावला नसता, असे वाटते.

फळ झाडाखालीच राहिले तर चार घरी खाल्ले जाईल. ते मुंबईस पोहोचले तर अनेकांची चूल पेटते. म्हणून माळ्याच्या कष्टाइतकाच व्यापारही परमेश्वराच्या पुरवठ्याचे साधन आहे. पूर्वी आंबा गलबतांनी व आगबोटींनी जाई, आता तो मुख्यतः मोटारीने जातो. झेल्याने उतरविणारा, पेंढ्यात पेटी भरणारी, हमाल, दलाल, इतक्या हातांतून तो खाणाऱ्याच्या ताटात येतो. मात्र सुकाळ हमखास नसतो. हापूस एका वर्षी भरभरून येतो व दुसऱ्या वर्षी हात आखडतो. ही खोड मोडावी म्हणून नीलम व हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात काढण्यात आली व १९८१ साली ती बागायतदारांस मिळाली. थंडी पडली नाही तर मोहोर लांबतो. अवकाळी पाऊस पडला तर तो गळतो. दलालाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र गळत नाही.

येथे आमचा खरा प्रश्न आहे. देव देतो हे खरे. परंतु त्याने दिलेले वाटेत अडते कोठे? पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी, म्हणजे आपल्याकडे ऐन आंब्याच्या दिवसांत, रेरुम नोव्हारुम हे परिपत्रक काढिले. मजूर कबूल झाला एवढ्यानेच मजुरी न्याय्य होत नाही; काटकसरी व सदाचारी कामकऱ्याचे तीत पोषण झाले पाहिजे, असे त्यांनी बजाविले. बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरविला. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेविलेली मजुरी देवाच्या कानी जाते, हे तर संत याकोबाने त्यापूर्वीच सांगून ठेविले होते. बागायतदार स्वतः कर्जात असतो, हे आम्ही जाणतो. तरीही तोट्याचा पहिला घाव सर्वांत दुबळ्यावर पडावा, हे आम्हांस पटत नाही.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या नावाची राखण कायद्याकडे आली. झाडांची राखण मात्र माणसेच करतात. त्यांतील कित्येक दूर नेपाळातून येतात, हंगामभर बागेतल्या झोपडीत राहून रात्री वानरे व चोर हाकलतात, आणि मृगाच्या आधी हिशेब मागून घराची वाट धरतात.