गावात आलेले कृषीदूत आणि कृषीकन्या: 'रावे' म्हणजे काय, गावाने त्यातून काय करून घ्यावे

पाऊस पडला, पेरण्या सुरू झाल्या की तालुक्यातल्या बऱ्याच गावांत गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरंपोरी दिसायला लागतात. ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, कुणाच्या बांधावर बीजप्रक्रिया करून दाखवतात. बॅनर धरून फोटो निघतो आणि 'कृषीदूतांचे उत्साहात स्वागत' अशी बातमी येते. पण ही मुलं कशासाठी येतात, किती दिवस असतात आणि त्यांच्याकडून काय काम करून घेता येते, हे अनेकांना नीट माहीत नसते. म्हणून ही माहिती.

रावे म्हणजे काय?

बी.एस्सी. कृषी (ऑनर्स) ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी आहे. त्यातला ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम म्हणजे 'रावे'. मुलगा असेल तर कृषीदूत, मुलगी असेल तर कृषीकन्या, ही आपल्याकडची नावे. ही सहल नाही आणि समाजसेवाही नाही. हा परीक्षेचा भाग आहे, त्याला गुण आहेत आणि तो पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या रंधावा समितीने १९९२ मध्ये या कार्यक्रमाची शिफारस केली. कृषी पदवीधर पुस्तकात हुशार, पण शेतकऱ्याच्या अडचणी त्याला ठाऊक नाहीत, ही तक्रार त्यामागे होती. पुढे २५ जुलै २०१५ रोजी 'स्टुडंट रेडी' ही योजना सुरू झाली आणि रावे त्यात आले. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांची आणि त्यांना जोडलेली महाविद्यालये हा कार्यक्रम राबवतात.

वीस आठवडे कसे असतात?

पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात सातवे सत्र पूर्ण याच कामासाठी दिले आहे. त्याचे २० श्रेयांक आहेत.

- महाविद्यालयात तयारी: १ आठवडा
- गावात शेतकऱ्यासोबत काम: ८ आठवडे
- कृषी विज्ञान केंद्र, संशोधन केंद्र किंवा महाविद्यालयाच्या विभागात काम: ५ आठवडे
- पीक रोग-किडींचे निदान: २ आठवडे
- शेतीवर आधारित उद्योगात काम: ३ आठवडे
- अहवाल आणि तोंडी परीक्षा: १ आठवडा

म्हणजे गावाच्या वाट्याला येतात आठच आठवडे. नंतरच्या तुकड्यांना सहाव्या समितीचा आराखडा लागू होतो, त्यात विभागणी वेगळी असू शकते. म्हणून मुलांनी आणलेल्या महाविद्यालयाच्या पत्रावर मुदत किती लिहिली आहे ते सरपंच, ग्रामसेवकांनी आधी बघून घ्यावे.

आठव्या सत्रात मुलं स्वतः एखादा छोटा व्यवसाय चालवून शिकतात. अळिंबी, मधमाशीपालन, बीजोत्पादन, जिवाणू खते, फळप्रक्रिया असे विषय असतात. माल तयार करायचा, विकायचा आणि हिशेब ठेवायचा.

गावात मुलं काय करतात?

प्रत्येक विद्यार्थ्याला एक यजमान शेतकरी जोडून दिलेला असतो. त्याच्या शेतात काय पेरले, खर्च किती आला, कीड कधी दिसली, फवारणी कोणती झाली याची नोंद मुलाने रोज ठेवायची असते. शिवाय गावाची सहभागी पाहणी होते. लोकांना बसवून विहिरी, ओढे, पाणंद रस्ते, वस्त्या, पिके यांचा नकाशा काढतात. कोणत्या महिन्यात काम असते, चारा कधी संपतो, पाणी कधी आटते याचे वर्षाचे कोष्टकही मांडतात. बाकी वेळ प्रात्यक्षिकांचा.

ही प्रात्यक्षिके जरूर करून घ्या

*उगवण चाचणी.* घरचे सोयाबीन पेरणार असाल तर ही पेरणीच्या आधीच हवी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट ओले राखायचे. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. ७० च्या वर उगवले तर बियाणे पेरणीलायक. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते. फारच कमी असेल तर बियाणे बदललेले बरे.

*मातीचा नमुना.* एका शेतातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा साधारण वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती काढायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो उरवायची. बांधालगतची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची किंवा नुकतेच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नये.

*बीजप्रक्रिया.* क्रम महत्त्वाचा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरायचे.

*निंबोळी अर्क.* पाच टक्क्यांसाठी ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळायची. त्यात २०० ग्रॅम साबणाचे पाणी घालून एकूण १०० लिटर करायचे.

*बोर्डो मिश्रण.* एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. भांडे प्लास्टिकचे घ्यावे, धातूचे नको. लोखंडी खिळा बुडवून बघायचा. तांबूस थर चढला तर अजून चुना लागतो. मिश्रण त्याच दिवशी वापरायचे.

फोटो निघाला म्हणजे काम झाले नाही

खरी अडचण इथे आहे. प्रात्यक्षिकाचा फोटो अहवालाला लागतो. म्हणून कधी कधी दहा मिनिटांत पाच माणसे गोळा करून फोटो होतो आणि सगळे घरी जातात. पेरणी झाल्यावर बीजप्रक्रिया दाखवली तर त्याचा काय उपयोग? मुलाला गुण मिळतात, पण तो शिकत नाही. शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही. मातीचे नमुने घेतले, पण अहवाल कुणी आणून दिला नाही, असे झाले की पुढच्या वर्षी आलेल्या मुलांना कोणी दारात उभे करत नाही.

हे टाळणे गावाच्याही हातात आहे.

१. मुलं आली त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत बैठक घ्यावी आणि गावाच्या तीन-चार अडचणी लेखी द्याव्यात. हुमणी, बोंडअळी, पाण्याचा खारेपणा, चाराटंचाई, जे असेल ते.

२. कोणते प्रात्यक्षिक कुठल्या आठवड्यात, हे हंगाम बघून ठरवावे. बायका शेतात असताना सकाळी अकराची बैठक ठेवून उपयोग नाही. निंदणी, बियाणे निवडणे ही कामे त्याच करतात, म्हणून त्यांच्या सोयीची वेळ घ्यावी.

३. मातीचा नमुना दिला तर कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आणि अहवाल कधी येणार, हे विचारून लिहून ठेवावे.

४. गावाचा नकाशा आणि पाहणीचा अहवाल महाविद्यालयात जमा होतो. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीने मागून घ्यावी. विकास आराखडा करताना ती कामाला येते.

५. मुलं शिकाऊ आहेत, तज्ज्ञ नाहीत. औषधाचे नाव किंवा प्रमाण सांगितले तर त्यांच्या प्राध्यापकांकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून खात्री करावी आणि डब्यावरचे लेबल वाचूनच फवारावे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांकही आहे.

६. पिकाची, खर्चाची माहिती मनमोकळी द्यावी. मात्र आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी कुणालाही देऊ नये. रावेच्या कामाला त्याची गरज नसते. कोणी पैसे मागितले तर सरळ महाविद्यालयाला फोन करावा.

बाकी अभ्यासक्रमांचे काय?

गावात येणारी सगळी मुलं रावेची नसतात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून आहे. तिच्यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. २०१४ च्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षण संस्थांनी गावे निवडून तिथल्या प्रश्नांवर काम करायचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगानेही समाजाशी जोडून घेण्याचा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सुचवला आहे. त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष गावात किंवा वस्तीत घालवायचा आहे. या मुलांकडून शेतीच्या सल्ल्याची अपेक्षा ठेवू नये. पण पाण्याचा हिशेब, शाळा, आरोग्य, रस्ते यांची पाहणी त्यांच्याकडून नक्की करून घेता येते.

शेवटच्या आठवड्यात

मुलं परत जाण्याआधी एक बैठक लावावी. काय दाखवले, कोणी वापरले, काय जमले नाही, हे मुलांनी गावासमोर सांगावे. यजमान शेतकऱ्याने आपल्या पिकाच्या नोंदींची नक्कल घेऊन ठेवावी. एका हंगामाचा खर्च आणि उत्पन्न तारीखवार लिहिलेली वही बहुतेक घरांत नसते. पुढच्या वर्षी कोणते पीक परवडले नाही, हे तीच वही सांगेल.