दर्शन, स्पर्शन, प्रश्न : नाशिक जिल्ह्यातील बालत्वचारोग आणि दूरसल्ला

वाग्भटाने रोगिपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन व प्रश्न. रोगी समक्ष नसताना दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याचा इतिहास म्हणजे ह्या तिहींपैकी कोणते साधन किती दूर पोहोचू शकले, ह्याचा इतिहास होय. नाशिक जिल्ह्यातील बालकांचे त्वचारोग डोळ्यांसमोर ठेवून त्याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

प्रथम दूर गेला तो प्रश्न. १८५४ साली अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात पत्र पोहोचविण्याची सोय झाली. १८७७ पासून व्ही. पी. पद्धतीने औषधही घरी येऊ लागले. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात (१९२७–१९५३) वाचकांच्या खाजगी आरोग्यविषयक प्रश्नांना उत्तरे दिली जात. परंतु बालकाला स्वतःची व्यथा सांगता येत नाही, आणि आईने लिहिलेल्या ‘अंगावर पुरळ उठले आहे’ ह्या एका वाक्यात खरूज, इसब व कांजिण्या हे तिन्ही रोग बसतात. पत्रोपचाराची मर्यादा येथेच स्पष्ट होते.

दर्शनाला दूर जाण्यास आणखी बराच काळ लागला. दूरचित्रवाणीवरून त्वचारोगाचे निदान कितपत अचूक होते, ह्याची तपासणी बोस्टन येथील वैद्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. पुढे १९९५ साली अमेरिकेतच ह्या शाखेस स्वतंत्र नाव मिळाले. छायाचित्र व रोगवृत्त आधी साठवावे आणि तज्ज्ञाने ते सवडीने पाहावे, ही पद्धत तीत विशेष रूढ झाली. सुरगाणा, पेठ ह्यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत, जेथे दूरध्वनीची जोडणी मधूनच तुटते, तेथे ही पद्धत अधिक सोयीची ठरावी. तथापि सावळ्या त्वचेवर दाहाची लाली छायाचित्रात सहज उमटत नाही. गौर त्वचेची चित्रे पाहून शिकलेली दृष्टी येथे फसू शकते.

कायद्याची भूमिकाही अल्पावधीत पालटली. रत्नागिरी येथील एका प्रसूत रुग्णेवर डॉक्टरांनी दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनांनुसार उपचार झाले व ती दगावली. त्या प्रकरणी जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदानाविना औषधयोजना करण्यावर कठोर शब्दांत टीका केली. पुढे दोनच वर्षांच्या आत, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले. प्रौढ व्यक्ती सोबत असून तिची ओळख पटली असेल, तरच अज्ञान बालकास असा सल्ला द्यावा, असे त्यांत सांगितले आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ सेवेला ह्यामुळे नियमांचे अधिष्ठान लाभले. ह्या दोन घटनांत वरवर विरोध दिसतो. परंतु निदानाची जबाबदारी अंतरामुळे कमी होत नाही, हे तत्त्व दोहोंत समानच आहे.

राहिले स्पर्शन. बालकाच्या दंडावरील फिकट चट्टा छायाचित्रात साधा दिसतो. तो कुष्ठरोगाचा आहे काय, हे कापसाच्या स्पर्शाने संवेदना तपासून व मज्जातंतू चाचपून पाहावे लागते. बहुविध औषधोपचार १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आल्याने हा रोग बरा होतो. मात्र निदान चुकल्यास बालकाला आयुष्यभराचे व्यंग येऊ शकते. खरजेचेही तसेच. बोटांच्या बेचक्या उघडून पाहणे आणि घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार करणे ही कामे दूरच्या तज्ज्ञाच्या आवाक्यातील नव्हेत. ती उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी वा आशा कार्यकर्ती ह्यांच्याच हातून व्हावयाची असतात.

ह्यावरून असे म्हणावयास हरकत नाही की दूरसल्ल्याचा इतिहास केवळ यंत्रांच्या प्रगतीवरून लिहिता येणार नाही. प्रश्न पत्राने नेला, दर्शन छायाचित्राने नेले. स्पर्शन मात्र रोग्याजवळच राहिले. नाशिक येथे १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याच जिल्ह्यातील पाड्यांवर तो स्पर्श करणारा हात किती प्रशिक्षित आहे, ह्याचा शोध घेणे हे ह्या विषयाच्या अभ्यासकाचे पुढील कार्य होय.