गाण्यांस नावे ठेवण्याविषयी

नावे ठेवणे हा आमच्या समाजाचा फार जुना आणि फार आवडता उद्योग आहे. शेजाऱ्याच्या पंगतीपासून सरकारच्या अंदाजपत्रकापर्यंत कशासही नावे ठेविल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. परंतु ह्याच शब्दांना आपल्या भाषेत दुसरा, अधिक मंगल अर्थही आहे. बाराव्या दिवशी पाळण्यातील बाळाच्या कानात आत्या जे सांगते, तेही नाव ठेवणेच होय. ह्या दुसऱ्या अर्थाने गाण्यांस नावे ठेवण्याचे काम आजवर कोणी व कसे केले, ह्याचा थोडा हिशेब मांडावा असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. त्यास निमित्त झाली ती गोरेगावातील एक वरात.

गोरेगाव म्हणताच पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे उपनगर उभे राहील. रायगड जिल्ह्यात आणखी एक गोरेगाव आहे व हिंगोली जिल्ह्यातही आहे. आमचे गोरेगाव ते गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निराळा झाला. तोवर आम्ही भंडारा जिल्ह्यातच मोडत होतो. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा. धानाच्या बांध्या, गावोगावची तळी आणि मोहाचे जंगल ही त्याची ओळख. दिवाळी सरली की येथे मंडया भरतात, दंडारी होतात आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गाण्याचे येथे कधीच दुर्भिक्ष नव्हते.

त्या वरातीत गाडीवर कर्ण्यांची भिंत रचलेली होती आणि तिच्यामागे, हल्ली ज्यास सर्वत्र डीजे म्हणतात, तो तरुण बसला होता. नवरीच्या आजीने एक जुने गाणे लावण्याविषयी निरोप धाडला. तरुणाने पेन ड्राइव्ह धुंडाळला, संगणक धुंडाळला. कित्येक हजार गाण्यांतून ते एक काही हाती लागेना. निम्म्या फाइलींवर 'ट्रॅक शून्य एक', 'ट्रॅक शून्य दोन' अशी नावे, आणि उरलेल्यांवर ज्या संकेतस्थळावरून त्या उतरविल्या त्याची जाहिरात. शेवटी तो आम्हांस म्हणाला, "काका, गाणं आहे माझ्याजवड, पर कोणत्या नावानं ठेवलं तेच सापडून नाही राह्यलं." आजी थोडा वेळ वाट पाहून घरात निघून गेली.

गाणे जवळ असणे आणि ते वेळेवर सापडणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाने आम्हांस एका वाक्यात शिकविले. ह्यातील दुसरी गोष्ट नावावाचून साधत नाही. आपल्या पूर्वजांनी हे जाणले होते व त्यावर मोठी युक्तीही योजिली होती: त्यांनी नाव गाण्याच्या पोटातच घालून ठेविले. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी त्यांचे नाव येते. होनाजी बाळा, राम जोशी, अनंत फंदी ह्या शाहिरांनी आपल्या कवनांत आपली नावे गुंफली. ख्यालगायनात सदारंग व अदारंग ह्यांच्या मुद्रा दोन-अडीचशे वर्षे बंदिशींतून गाइल्या जात आहेत. कागद जळो, वही हरवो. गाणे ज्याच्या कंठी गेले त्याच्या कंठी कर्त्याचे नावही गेले.

पुढे यंत्र आले, तेव्हा हीच युक्ती नव्या वेषात पुन्हा उपयोगी पडली. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास येथील गायकगायिकांचे आवाज मेणाच्या तबकड्यांवर उतरविण्यास आरंभ केला. आमच्या रंगभूमीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीच निवर्तले होते. एका वर्षाच्या अंतराने तो आवाज कायमचा गेला. गैसबर्गच्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हर येथे जात. तेथील कारागिरांस हिंदुस्थानी भाषांचा गंध नव्हता. कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापावे हे त्यांस कळावे म्हणून गाण्याच्या अखेरीस गायिकेने स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारावे अशी चाल पडली, असा तिचा उलगडा जाणकार करितात. गौहरजान आपले नाव इंग्रजीत सांगे. अलाहाबादची जानकीबाई तर नावासह गावही सांगे. १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघाला आणि हॅनोव्हरची वारी संपली. परंतु ते उच्चार आजही त्या तबकड्यांतून ऐकू येतात. आम्ही त्यांस बाईंची हौस समजून हसतो. वस्तुतः ते संग्रहाच्या शिस्तीचे पहिले पाऊल होते.

तथापि नाव सांगणारे असतात तसे नाव लपविणारेही असतात. आमच्या जुन्या घराण्यांतून चीज लपविण्याचा प्रकार किती होता हे वाचकांस सांगावयास नकोच. उस्ताद अस्ताई सांगत तर अंतरा गाळीत. राग गात तर त्याचे नाव विचारू देत नसत. हा केवळ आमचा दोष आहे असे मात्र नाही. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क ह्या जमेकाहून आलेल्या तरुणाने आपल्या बहिणीच्या मेजवानीत दोन तबकड्या आलटूनपालटून वाजविल्या, आणि त्या रात्रीस हिप-हॉप संगीताचा जन्मदिवस मानण्याचा प्रघात पडला. हा हर्क आपल्या तबकड्या पाण्यात भिजवून त्यांवरील कागद सोडवून टाकी, अशासाठी की प्रतिस्पर्ध्यास त्या कोणत्या हे कळू नये. ब्रॉन्क्समधील डीजे आणि आमचा घराणेदार खाँसाहेब ह्यांची भेट झाली असती, तर एवढ्या एका बाबतीत तरी त्यांचे तत्काळ जुळले असते.

लपविणाऱ्याची अडचण आम्ही समजू शकतो. त्याची भाकरी त्या गुपितावर असते. परंतु गुपित माणसाबरोबर मरते. हे ओळखून ज्याने नामकरणाचा प्रचंड उद्योग एकट्याने आरंभिला, तो गृहस्थ मुंबईच्या वाळकेश्वरास १८६० साली जन्मला आणि पेशाने वकील होता. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून, चिजा लिहून घेतल्या व क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारे अठराशे चिजा स्वरलिपीसह छापून टाकिल्या. नुसते जमवून ते थांबले नाहीत. जमविलेल्या रागांस त्यांनी दहा थाटांत बसविले. ही व्यवस्था सर्वांस मान्य झाली असे नाही. अमुक राग अमुक थाटात कसा, हा वाद १९३६ साली त्यांचे निधन झाल्यानंतरही मिटलेला नाही. पण वाद घालण्यासाठी तरी राग सापडावा लागतो, आणि तो सापडतो तो त्यांनी लाविलेल्या फडताळात. गंमत अशी की, इतरांची नावे जपणाऱ्या ह्या पुरुषाने 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा आपला ग्रंथ 'चतुर पंडित' ह्या टोपणनावाने प्रसिद्ध केला!

भातखंड्यांच्या मांडणीतील एक गोष्ट आमच्या प्रस्तुत विषयास विशेष लागू पडते. त्यांनी रागांस प्रहरही नेमून दिले, आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेणाऱ्या काही रागांस 'परमेलप्रवेशक' असे नाव दिले. दुपार कलली की मुलतानी येतो. त्यात तोडीचा कोमल गंधार अजून असतो, परंतु पुढे येणाऱ्या पूर्वीसारख्या संधिप्रकाशी रागांची चाहूलही लागते. रात्री जयजयवंतीत दोन्ही गंधार भेटतात व ती खमाजाच्या मेळातून काफीच्या मेळात हलकेच नेऊन सोडते. म्हणजे रागाच्या नावाबरोबर त्याच्या आधी काय व नंतर काय, हेही नोंदीत आले.

आता आजचा जाणता डीजे काय करितो ते पाहावे. गाण्यात मिनिटास किती ठोके पडतात हे यंत्र मोजून देते. तो त्याची नोंद ठेवितो. पाश्चात्य संगीतात बारा स्वर आणि प्रत्येकाचे मेजर व मायनर असे दोन प्रकार मिळून चोवीस मेळ होतात. ते घड्याळाच्या तबकडीप्रमाणे बारा अंकांवर मांडितात व प्रत्येक अंकास 'ए' आणि 'बी' अशी दोन अक्षरे देतात. ह्यास कॅमेलॉटचे चक्र म्हणतात. आठाच्या घरातील गाणे चालू असेल तर पुढचे सातातील, नवातील किंवा आठाच्याच दुसऱ्या अक्षराचे घ्यावे, म्हणजे सूर सुरात मिळतो आणि नाचणाऱ्याच्या कानास ठेच लागत नाही. भातखंड्यांचा प्रहर सूर्यावर चाले व डीजेचा नाचणाऱ्यांच्या पायांवर चालतो, हा भेद मोठा आहे. पण एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट आधी आखून ठेवावी, ही दृष्टी दोघांची एकच.

मग आमच्या गोरेगावच्या तरुणाचे कोठे अडले? त्याच्या आळसास दोष देणे सोपे आहे. परंतु काही दोष त्याच्या जन्मापूर्वीच्या व्यवस्थेचाही आहे. एमपी-थ्री प्रकारच्या फाइलींत गाण्याचे नावगाव ठेवण्याची सोय एरिक केम्प ह्या गृहस्थाने १९९६ साली काढली. तीस आयडी-थ्री म्हणतात. फाइलीच्या शेपटास १२८ बाइट जोडावयाचे. त्यांत गाण्याच्या नावास ३०, गायकास ३०, संग्रहास ३०, वर्षास ४, टिपणास ३०, आणि गाण्याच्या प्रकारास अवघा एक. जुनी मुद्राच ही, फक्त आता ती यंत्राच्या भाषेत गाण्याच्या अखेरीस उच्चारली जाते. पण त्या उच्चाराची लिपी रोमन होती. देवनागरीस तेथे जागाच नव्हती. प्रकारांची जी ८० नावांची यादी मुळात होती, तीत रॉक व जाझ होते. लावणी, पोवाडा, नाट्यगीत वा दंडार ह्यांपैकी एकही नव्हते. १९९८ सालच्या सुधारित आवृत्तीत युनिकोडाची सोय झाली, तोवर आमची गाणी रोमन वेषात हिंडावयास लागली होती. 'झ' साठी कोणी झेड-एच लिहितो तर कोणी जे-एच; 'ड' साठी कोणी डी तर कोणी आर. 'झाडीपट्टी' हा एक शब्द चार हातांनी चार तऱ्हांनी लिहिला, तर शोधणाऱ्यास चारांपैकी तीन गाणी नाहीतच असे वाटावे!

ह्यावरील उपाय कठीण नाही. नाव देवनागरीत लिहावे; गायक, वर्ष आणि प्रसंग हे प्रत्येकी आपापल्या रकान्यात लिहावे. ग्रंथपाल रंगनाथन ह्यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती मांडिली, तिचे मर्म हेच की एका वस्तूस अनेक पैलू असतात व प्रत्येकाची नोंद स्वतंत्र ठेविता येते. लाकडी कपाटात एक तबकडी एकाच खणात राहू शके. संगणकात एकच गाणे हळदीच्या यादीत, वरातीच्या यादीत आणि 'आजीची आवड' ह्या यादीतही राहू शकते, आणि प्रत मात्र एकच लागते. ती सारी ठेव निराळ्या डिस्कवर दुसऱ्यांदा उतरवून ठेवावी, हे सांगणे नलगे.

परंतु हा उपदेश करिताना आम्हांस आमचाच एक अपराध आठवतो. काही वर्षांपूर्वी, रोवणीच्या दिवसांत, गावाबाहेरील एका बांधीत धानाची रोपे लावणाऱ्या बाया गात होत्या. आम्ही धुऱ्यावर उभे राहून आमच्या मोबाइलवर ते गाणे टिपले. त्यात एक गळा असा होता की पावसाच्या आवाजावरही तो उठून येत होता. ती फाइल आजही आमच्यापाशी आहे. तिचे नाव यंत्राने दिलेला आकड्यांचा एक लांब डाग, याहून अधिक काही नाही. गाणारणीचे नाव आम्ही विचारले नाही. तेव्हा ते विचारण्याजोगे वाटले नाही, हेच खरे. शाहिराने आपली मुद्रा गाण्यात घातली, गौहरजानने आपले नाव यंत्रास सांगितले. बांधीत वाकलेल्या बाईस ना मुद्रा होती ना यंत्र. तिचे नाव ठेवण्याचे काम ऐकणाऱ्याचे होते, आणि ऐकणारे आम्ही होतो.

बायकांच्या गाण्यांस कोठे कर्ता असतो, असे म्हणून ही जबाबदारी टाळता येणार नाही; कारण ती पार पाडणारी माणसे ह्याच महाराष्ट्रात होऊन गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी पुण्यास राहून, सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हजाराहून अधिक गावांतील त्या ओव्यांबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व तिचे गाव नोंदलेले आहे, आणि विषयवार त्यांची वर्गवारीही लाविलेली आहे. २०१७ सालापासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेने तो ठेवा लोकांपुढे आणण्यास आरंभ केला. आमच्या मते त्या संग्रहाचे मोल ओव्यांच्या संख्येत जितके आहे तितकेच त्या नावांच्या रकान्यात आहे.

वरातीनंतर तो तरुण चारपाच संध्याकाळी आमच्या घरी आला व आम्ही दोघांनी मिळून त्याच्या गाण्यांस नावे ठेविली. अर्थात मंगल अर्थाने. आजीचे गाणे तिसऱ्या संध्याकाळी सापडले. ते त्याने तिच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवून दिले. जाताना त्याने विचारले, "काका, तुमच्या गाण्याचं का?" तेव्हा आम्ही आमच्या त्या एका फाइलीवरचे आकडे पुसून 'रोवणीचे गाणे, गोरेगाव, जिल्हा गोंदिया' एवढे लिहिले. जिल्हा लिहावाच लागला. न लिहावा तर गोरेगावे पुष्कळ आहेत. गायिकेचा रकाना मोकळा आहे. येत्या पावसाळ्यात त्याच बांधीवर जाऊन, मोबाइल खिशात ठेवून, आधी नाव विचारावयाचे आम्ही ठरविले आहे.