चोळीपासून बॉडीपर्यंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती येतात, हळदीकुंकवाची हकीकत येते, सहलीची वर्णने येतात. यंदा मी जरा निराळा विषय घेतला आहे. काहींना तो संकोचाचा वाटेल. परंतु घरात वयात येणारी मुलगी असली म्हणजे प्रत्येक आईला हा प्रश्न पडतोच, मग त्याविषयी चार शब्द लिहिण्यात लाजण्यासारखे काय आहे? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कुणी ठेवू नये.

माझी आजी नऊवारी लुगडे नेसत असे आणि खणाची चोळी घालीत असे. खण म्हणजे एका चोळीपुरता कापडाचा तुकडा. हे खण विणण्यात पूर्वीच्या विजापूर जिल्ह्यातील, आताच्या बागलकोट जिल्ह्यातील, गुळेदगुड्ड या गावाचे नाव मोठे. कापड घट्ट विणीचे, चोळी अंगाबरोबर शिवलेली आणि पुढे गाठ मारायची. ही गाठ मोठी सोयीची. मुलगी वाढू लागली की ती सैल बांधावी, बाळाला पाजताना सोडावी. चोळीच अंगाला आधार देत असल्यामुळे आत आणखी काही घालण्याची गरज पडत नसे.

त्या काळी मुलीचे कपडे ठरवायला आईला फारशी सवडच मिळत नसे. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न उरके. न्हाण आले की मखरात बसवीत, ओटी भरीत, लुगडे-चोळी देत. आणि परकरातली पोर एकदम बाई होऊन जाई. मधली वर्षे तिला मिळतच नसत. पुढे कायदे झाले. 1891 साली संमतिवय दहावरून बारा झाले, 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले आणि 1978 साली ते अठरा झाले. आपल्याच खेड तालुक्यातील शेरवली येथे 1858 साली जन्मलेल्या अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यास विधवांसाठी आश्रम काढला आणि 1916 साली महिला विद्यापीठ स्थापिले. अशा थोर लोकांच्या खटपटीने मुलींना ती मधली वर्षे मिळाली. ती शाळेची, खेळण्याची वर्षे. पण या वर्षांत मुलीने अंगात काय घालावे, याची रीत मात्र आजीकडून आलेली नव्हती. ती आपल्यालाच घालावी लागली.

इकडे कापडही बदलत होते. मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली स्थापन झाली. पुढे आपल्या कोकणची किती माणसे गिरण्यांत राबली, ते सांगायला नकोच. गिरणीचे कापड पातळ आणि स्वस्त. खणाच्या चोळीच्या जागी पोलके, झंपर, मग ब्लाऊज आला. नऊवारीची पाचवारी झाली. गाठीच्या जागी हूक आले. ठाकूर घराण्यातील ज्ञानदानंदिनीदेवी 1864 साली पतीबरोबर मुंबईस आल्या, तेव्हा पारशी स्त्रियांचे पाहून त्यांनी साडी नेसण्याची नवी तऱ्हा उचलली आणि ती बंगालात नेली. साडीबरोबर आत घालायचे कपडेही त्यांनी रूढ केले. पातळ कापडाला आतून जोड हवीच होती.

तिकडे अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने कडक कॉर्सेटला कंटाळून दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून हलके वस्त्र बनविले व 1914 साली त्याचे पेटंट घेतले. 1930 नंतरच्या दहा वर्षांत कपाच्या मापाला ए, बी, सी, डी ही अक्षरे लागली. आपल्याकडे मात्र बायका त्याला सरळ ‘बॉडी’ म्हणू लागल्या.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकण्याची मुभा नव्हती. कित्येक वर्षे त्या झगडल्या, मार खाल्ला. अखेर 1859 साली राजाने जाहीरनामा काढून अंग झाकण्याची परवानगी दिली. ज्या वस्त्रासाठी बायांनी एवढे सोसले, ते आपण दोरीवर परकराखाली लपवून वाळत घालतो!

गेल्या वर्षी माझी मुलगी सातवीत होती. ती खांदे पुढे काढून चालू लागली, खोखोला जाईनाशी झाली. मी तिला जवळ घेऊन विचारले, मग टेप घेऊन मापे घेतली व आम्ही दोघी चिपळूणच्या बाजारात गेलो. दुकानात विकायला बाई होती, त्यामुळे पोरीचा धीर वाढला. रंग तिचा तिनेच निवडला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा मैदानावर दिसली.

अनुभवाने दोन गोष्टी सांगते. साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान ही वाढ सुरू होते. एका बाजूस आधी गाठ लागते, थोडे दुखते. त्यात भिण्यासारखे नसते, हे मुलीला आधीच सांगावे. माप दोन ठिकाणी घ्यावे, छातीखाली आणि छातीवरून. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. वळ उठला तर ती घट्ट आहे असे समजावे. पहिली बॉडी सुती, तार नसलेली, बिनहुकाची असावी. आपल्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून निदान तीन तरी घ्याव्यात. रोज धुवाव्यात आणि उघडीप मिळाली की उन्हात घालाव्यात. ओलसर कपड्याने खाज सुटते. वाढत्या वयात माप लवकर बदलते, तेव्हा दर सहा महिन्यांनी पुन्हा टेप लावावी.

आपल्या आज्यांना जी वर्षे मिळाली नाहीत, ती आपल्या लेकींना मिळाली आहेत. ती त्यांनी मान खाली घालून काढू नयेत. आईने लाज सोडून वेळेवर चार शब्द बोलावेत. आणि ज्या मुलीला आई नाही, तिच्याशी मावशीने, काकूने, शेजारणीने बोलावे. आपले मंडळ तरी आणखी कशासाठी आहे?