इलेक्ट्रॉनीय नियंत्रक, मोटारगाडीतील

एंजिनाचा इंधनपुरवठा, ठिणगी पडण्याची वेळ इ. क्रियांचे संवेदकांकडून मिळणाऱ्या माहितीनुसार नियमन करणारी प्रयुक्ती. नादुरुस्त नियंत्रकाच्या जागी नवा बसविताना त्यात त्या विशिष्ट गाडीची आज्ञावली भरावी लागते. सुटा भाग बदलण्याच्या साध्या कामाला हे स्वरूप कसे आले व त्यामुळे दुरुस्तीचा अधिकार कोणाकडे गेला, हा या प्रयुक्तीच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इंधन अंतःक्षेपणाची प्रणाली क्रायस्लर कंपनीने १९५८ मध्ये थोड्या गाड्यांवर बसविली. परंतु ती भरवशाची ठरली नाही. तिच्या एकस्वांचा आधार घेऊन जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केलेली ‘डी-जेट्रॉनिक’ प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली. या नियंत्रकांत ट्रँझिस्टरांची सदृश मंडले होती. मंडलाची जुळणी हीच त्यांची आज्ञावली असल्याने बिघडलेला नियंत्रक काढून त्याच प्रकारचा दुसरा बसविला की काम भागत असे.

अमेरिकेच्या १९७० च्या शुद्ध हवा अधिनियमाने ही स्थिती बदलली. निष्कास वायूंतील तिन्ही प्रमुख प्रदूषके कमी करणारा उत्प्रेरकी परिवर्तक नीट चालण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४·७ : १ च्या अगदी जवळ राखावे लागते. इतके काटेकोर नियमन सूक्ष्मप्रक्रियकामुळे शक्य झाले. ओल्ड्समोबिल टोरोनाडो या गाडीत १९७७ मध्ये ठिणगीच्या वेळेसाठी त्याचा उपयोग करण्यात आला; १९७९ मध्ये बॉशच्या ‘मोट्रॉनिक’ प्रणालीने बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत इंधन व ठिणगी या दोहोंचे नियमन एकत्र आणले. जनरल मोटर्स कंपनीने १९८१ पासून अशी नियंत्रणप्रणाली आपल्या बहुसंख्य अमेरिकी गाड्यांत बसविली. एकच नियंत्रक अनेक प्रकारच्या गाड्यांत वापरता यावा म्हणून गाडीचे वजन, एंजिन, दंतचक्रांची गुणोत्तरे यांना अनुसरून ठरविलेली मूल्ये वेगळ्या स्मृतिचकतीत साठविलेली असत. बदली नियंत्रक या चकतीविना मिळे. यांत्रिक जुन्या नियंत्रकातील चकती काढून नव्यात बसवी. ती उलटी बसवून विद्युत् प्रवाह सुरू केल्यास निकामी होई. तरीही गाडीची आज्ञावली गाडीबरोबरच राही आणि दुरुस्तीसाठी कंपनीची अनुमती लागत नसे.

जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जाहीर केली. विद्युत् दाबाने पुसून पुन्हा लिहिता येणारी ही स्मृती १९९० नंतरच्या दशकात नियंत्रकांत आली. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांना प्रमाणित निदान-जोडणी सक्तीची झाली व तिच्यातूनच आज्ञावली भरता येऊ लागली. यासाठी १७ अक्षरांकांचा वाहन-ओळखक्रमांक देऊन योग्य आज्ञावली निवडतात. भरण सुरू असताना विद्युत् घटमालेचा दाब स्थिर ठेवावा लागतो. मध्येच खंड पडल्यास नियंत्रक निरुपयोगी होऊ शकतो. चोरीस प्रतिबंध करणारी यंत्रणा असल्यास किल्ली व नियंत्रक यांची सांकेतिक ओळखही नव्याने पटवून द्यावी लागते. अन्यथा एंजिन सुरू होत नाही.

आता आज्ञावली उत्पादकाच्या संगणकावर राहिली आणि स्वतंत्र यांत्रिक त्याच्यावर अवलंबून झाला. सर्वांना आज्ञावली खुली केल्यास प्रदूषण-नियमन व सुरक्षितता धोक्यात येईल, असे उत्पादकांचे म्हणणे होते. मात्र फोक्सवॅगनने डीझेल गाड्यांच्या आज्ञावलीत चाचणी ओळखून प्रदूषके तेवढ्यापुरती कमी करण्याची योजना केल्याचे २०१५ मध्ये उघड झाले; आज्ञावली उत्पादकाच्याच ताब्यात असल्याने प्रदूषण-नियमनाची खात्री मिळत नाही, हे त्यावरून दिसून आले. अमेरिकेत २००४ च्या गाड्यांपासून निष्कासाशी संबंधित नियंत्रकांत आज्ञावली भरण्यासाठी प्रमाणित साधनाची सोय करणे बंधनकारक करण्यात आले. मॅसॅचूसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि २०१४ मध्ये उत्पादकांनी त्यातील तत्त्वे देशभर लागू करण्याचा करार केला.

भारतात २००० पासून कठोर होत गेलेल्या प्रदूषण-मानकांमुळे मोटारगाड्यांतील कार्ब्युरेटर मागे पडले. १ एप्रिल २०२० रोजी भारत टप्पा ६ लागू झाल्यावर स्कूटर व मोटारसायकली यांतही इंधन अंतःक्षेपण व नियंत्रक सर्रास आले. त्यामुळे हा प्रश्न लहान गॅरेजांपर्यंत पोहोचला. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘दुरुस्तीचा हक्क’ या संकेतस्थळावर मोटार उद्योगाचाही अंतर्भाव आहे. केवळ हत्यारे व अनुभव यांच्या बळावर चालणाऱ्या या व्यवसायाचे भवितव्य आज्ञावली व तिची साधने कोणत्या अटींवर व किती किंमतीस मिळतात, यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.